शंभर भालेवाले, दहा फासे

आमच्या आईच्या मते जगात खेळ एकच, सारीपाट. बाकी सगळा पोरखेळ. सारीपाटात सोंगटी मेली की अख्खी मरते. अर्धी जखमी होऊन लंगडत घराकडे निघालेली सोंगटी आजवर कोणी पाहिलेली नाही. कॉम्प्युटरवरच्या युद्धाच्या खेळांत मात्र प्रत्येक शिपायाच्या अंगात किती जीव उरलाय याचा हिशेब असतो, आणि एका वारात तो किती घटायचा हे फासे ठरवतात. घोडबंदर रोडला राहणारा माझा भाचा मेगाब्लॉकच्या रविवारीसुद्धा डोंबिवलीला येतो, तो याच हिशेबावरून माझ्याशी भांडायला.

ही कल्पना पोरासोरांची नव्हे. १८२४ साली प्रशियाच्या तोफखान्यातल्या फॉन राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने नकाशावर ठोकळे मांडून लढाईचा खेळ रचला आणि माऱ्यात किती माणसं गळाली हे फाशांवरून काढायची सोय केली. त्यावर तिथले अधिकारी लढाई शिकत. त्यामुळे भाच्याला ‘अभ्यास कर’ म्हणायची सोय राहिलेली नाही. तो म्हणतो, ‘मामा, हाच तो.’

आम्हा दोघांचा लाडका खेळ म्हणजे १९९९ सालचा ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक’चा तिसरा भाग. त्यातला भालेवाला म्हणजे फौजेतला गरीब इसम. त्याचा एक वार म्हणजे एक ते तीनमधला कुठलाही आकडा. एकटा असेल तर तीनातून एकदा एकच पडणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा जण मिळून चालून गेले की दहा फासे पडतात आणि त्यांची बेरीज होते. कमीत कमी १०, जास्तीत जास्त ३०, आणि बहुतेक वेळा १७ ते २३. दहाही जणांचं दान एक पडायची शक्यता ५९,०४९ मध्ये एक. गर्दी झाली की दैवाला फारसा वाव उरत नाही, हे डोंबिवलीकराला वेगळं सांगायला नको.

आता शंभर भालेवाले घ्या. शंभर फासे पडतील? छे! दहाच पडतात, आणि बेरजेला दहाने गुणतात. उरलेले नव्वद नुसते मस्टरवर सही करून आलेले. खरोखर शंभर फासे टाकले असते तर बेरीज दोनशेला चिकटून राहिली असती. दहांच्या भरवशावर ती पावणेदोनशे ते सव्वादोनशे अशी हेलकावे खात राहते. भाचा याला चलाखी म्हणतो. मी याला सरकारी कामकाज म्हणतो.

आईने हे ऐकलं आणि वाती वळता वळता एवढंच म्हणाली, ‘ऋतुपर्ण.’

वनपर्वातली गोष्ट. द्यूतात राज्य घालवलेला नळ सारथी होऊन ऋतुपर्ण राजाला विदर्भात, म्हणजे दमयंतीच्या माहेरी घेऊन चालला होता. वाटेत बेहड्याचं झाड लागलं. राजाने रथात बसल्या बसल्या सांगून टाकलं, या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि दोन हजार पंचाण्णव फळं आहेत. नळ असा चिकट, की त्याने झाड पाडून फळं मोजली. बरोबर भरली! मग ऋतुपर्णाने त्याला फाशांची विद्या दिली आणि बदल्यात घोड्यांची घेतली. वेदकाळी फासे म्हणून बेहड्याचीच फळं टाकत, तेव्हा झाडाची निवडही वावगी नाही. मूठभर डहाळी पाहून अख्ख्या झाडाचा अंदाज करणं आणि फासे ओळखणं या विद्या शेजारशेजारच्या आहेत, हे त्या गोष्टीला ठाऊक होतं. दहा फाशांवर शंभरांची लढाई उरकणाऱ्यांनी ती वाचली नसेल, एवढंच.

दान पडल्यावरही काम संपत नाही. मारणाऱ्याचा हल्ला समोरच्याच्या बचावापेक्षा जितक्या अंकांनी जास्त, तितके पाच-पाच टक्के वाढतात, ते तीनशे टक्क्यांपर्यंत. बचाव वरचढ असेल तर दर अंकाला अडीच टक्के घटतात, पण सत्तरच्या पुढे नाही. हे सूत्र मला सकाळच्या फास्टला कळलं. चढणाऱ्या डोंबिवलीकराचा हल्ला, दारात उभ्या कल्याणकराचा बचाव. सॅक पोटावर घेतली की आपला बचाव दोनाने वाढतो. ‘जरा आत सरका हो’ म्हटलं की त्याचा चाराने वाढतो. खेळात सत्तर टक्क्यांची मर्यादा तरी आहे. दारावर ती कोणी घातलेली नाही.

दान वाईट पडलं की मागच्या जागेवरून खेळ पुन्हा सुरू करायचा, ही भाच्याची खोड. आमच्याकडे याला रिटर्न म्हणतात, उलट्या गाडीने कल्याणला जायचं आणि तिथून बसून यायचं. कल्याणचे प्रवासी त्यावर जसे चिडतात तसे खेळ बनवणारेही चिडतात. म्हणून २०१२ च्या ‘एक्सकॉम’मध्ये पुढची दानं खेळाबरोबरच जतन होतात. कितीही वेळा मागे जा, तीच चाल केलीत की तोच नेम पुन्हा चुकतो.

त्याहून लबाड ‘फायर एम्ब्लेम’. या जपानी खेळाच्या २००२ च्या भागात पडद्यावर लिहिलेलं असतं नव्वद टक्के, पण आत गुपचूप दोन आकडे काढून त्यांची सरासरी घेतात, म्हणून नेम शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा लागतो. दहा टक्के लिहिलेला वार जेमतेम दोनदा. नव्वदचा नेम दहातून एकदा चुकला तरी माणूस ‘फसवलं, फसवलं’ म्हणून ओरडतो, त्यापेक्षा हे बरं. शत्रूचे नेम बहुधा कमी टक्क्यांचे, ते आणखी घटतात.

‘म्हणजे शकुनीचे फासे, पण आपल्या बाजूचे,’ आई म्हणाली.

‘अगदी तसंच, आजी.’

‘मग तुझी ती उडत्या घोड्यावरची पोरगी कशी गेली रे?’

‘दोन टक्के शिल्लक होते ना, त्यात गेली.’

आईला हे मुळीच पटलं नाही. तिच्या मते पोरीला एकटीला धनुष्यवाल्यांच्या पुढ्यात पाठवली म्हणून ती गेली. भाच्याने खेळ मागे नेऊन तिला तिथून हलवली, तर जगली.