ओरिजिनलवाले भाऊ

‘गाडी चालू हाय, फक्त सध्या इंजिन खाली हाय.’ हे वाक्य ज्या घरी वर्षानुवर्षं ऐकू येतं, त्या घरी जुन्या गाडीचा भक्त राहतो असं खुशाल समजावं. हा माणूस नांदेडला सापडतो, लातूरला सापडतो, उदगीर-देगलूरकडेही सापडतो. पण किनवटचे भाऊ म्हणजे या जमातीतला अस्सल नमुना. वय पन्नाशीपुढचं, दुकान खत-बियाण्याचं, खिशात पेनाऐवजी टेस्टर, आणि नखांच्या कडेला कुठल्याच साबणाला दाद न देणारं काळं ऑइल. रोजच्या जाण्यायेण्याला दारात बोलेरो असते. तिच्याबद्दल भाऊ कधी चार शब्द बोलणार नाहीत. ती बिचारी सेल्फ मारला की सुरू होते. तिच्यात बोलण्यासारखं आहे काय?

बोलण्यासारखं जे आहे ते गोकुंद्याच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये, चार विटांच्या थप्प्यांवर उभं आहे. 1985 ची कॉन्टेसा.

आता कॉन्टेसा ही स्पोर्ट्स कार आहे का, हा प्रश्न किनवटमध्ये भाऊंसमोर विचारायचा नसतो. हिंदुस्तान मोटर्सने बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात 1984 ते 2002 या काळात ही गाडी बनवली. मूळ साचा इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा, आणि त्या व्हिक्टरचा व्हीएक्स 4/90 नावाचा एक जरा चपळ अवतार तिकडे निघाला होता. भाऊंना तेवढा धागा पुरतो. ‘इंग्लंडात हिला स्पोर्टी म्हणायचे,’ असं सांगून ते बॉनेटच्या लांबीकडे हात करतात. लांबीबद्दल वाद नाही. शिवाय जोर मागच्या चाकांना. पण सुरुवातीच्या कॉन्टेसात इंजिन होतं अँबेसिडरचंच, 1489 सीसीचं. ते एवढं धूड ओढायचं, फक्त घाई करायचं नाही. पुढे कंपनीलाच लाज वाटली असावी. तिने जपानच्या इसुझूचं 1817 सीसीचं इंजिन आणि पाच गिअर दिले, डिकीवर ‘1.8 जीएल’ अशी अक्षरं ठोकली, तेव्हा कुठे गाडी दिसते तशी पळायला लागली. भाऊंची गाडी त्याच्या आधीची. म्हणजे दिसणारी.

गाडीचा पूर्वेतिहास हा या जमातीचा खास प्रांत. भाऊंनी ती भोकरकडच्या एका ठेकेदाराच्या वाड्यामागून, बाभळीखालून उचलली. पहिल्या वर्षी ती ठेकेदाराचीच होती. दुसऱ्या वर्षी त्या ठेकेदाराने ती एका आमदाराकडून घेतल्याचं निघालं. मग भाऊंच्या ध्यानात आलं, की 1985 ते 1988 या काळात राज्याचे लागोपाठ दोन मुख्यमंत्री आपल्याच भागातले होते: आधी निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर, नंतर नांदेडचे शंकरराव चव्हाण. गाडीही 1985 ची. या दोन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. त्यांचा एकमेकींशी लावलेला संबंध तेवढा भाऊंचा. मुख्यमंत्र्यांपैकी नेमके कोण बसले, हे ते सांगत नाहीत. ऐकणारा निलंग्याकडचा की नांदेडकडचा ते आधी बघतात.

भाऊंचा मंत्र एकच, ‘ओरिजिनलच पाहिजे.’ काचेच्या कडेची रबरी बीडिंग ओरिजिनल पाहिजे, चाकाचं झाकण ओरिजिनल पाहिजे, दरवाजाच्या आतल्या हँडलचा स्क्रूसुद्धा चपट्या खाचेचा पाहिजे, चौफुलीचा चालणार नाही. एका मागच्या दिव्याच्या काचेसाठी त्यांनी मुंबईचा चोरबाजार आणि कुर्ल्याची पार्टची दुकानं पालथी घालायला लावली, आणि ती काच नंदीग्राम एक्स्प्रेसने, ओळखीच्या पेशंटसोबत, टॉवेलात गुंडाळून आली. भाऊ स्टेशनवर घ्यायला गेले. पेशंट तसाच फलाटावर उभा राहिला आणि काच आधी रिक्षात बसली.

आणि त्याच दमात भाऊ सांगतात, ‘बाकी थोडं अपग्रेड करायलो.’

थोडं म्हणजे इसुझूचं इंजिन. पॉवर स्टिअरिंग. पुढे डिस्क ब्रेक. एसी. पाठीला धरणाऱ्या सीटा. पाठीमागे कॅमेरा. ओरिजिनल स्क्रूने घट्ट बसवलेला कॅमेरा. या दोन धर्मांची एकाच शेडमध्ये सांगड कशी घालायची, हा प्रश्न भाऊंना पडत नाही. त्यांचं उत्तर तयार असतं: ‘कंपनीनं सोता इंजिन बदललं ना? मग कंपनीनं करावं ते अपग्रेड अन् मी करावं ते पाप व्हय?’ खरं सांगायचं तर या युक्तिवादाला पुण्या-मुंबईतल्या कट्टर शुद्धतावाद्यांकडेही चांगलं उत्तर नाही.

जगातही भाऊ एकटे नाहीत. कॅलिफोर्नियात रॉब डिकिन्सन नावाच्या एका रॉक गायकाने गाणं सोडून 2009 मध्ये सिंगर नावाची कंपनी काढली; तिचा धंदाच जुन्या पोर्शे 911 घ्यायच्या, खिळाखिळा सुटी करायची, रूप जुनं ठेवायचं आणि आतलं सगळं नवं भरायचं. त्या गाड्यांच्या किमती ऐकून भाऊंनी खुर्चीत बसून घेतलं, मग वहिनींना मुद्दाम हाक मारून ऐकवल्या. पुण्यात नोकरी करणारा भाचा असे व्हिडिओ पाठवतो. 2018 मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राच्या, हॅरीच्या, लग्नात नवरा-नवरी जग्वार ई-टाइपमधून गेले, ती बॅटरीवरची होती. 1968 सालची ही जग्वार म्हणजे या पंथाचं दैवत. तिच्या पोटातलं इंजिन काढून मोटर घातल्यावर जगभरच्या जुन्या गाड्यावाल्यांत खडाजंगी झाली. त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तर स्पष्टच सांगितलं, की विजेवर बदललेली गाडी ऐतिहासिक म्हणून धरता येणार नाही. भाच्याने तरी सुचवलं, मामा, आपण पण बॅटरी टाकू. भाऊ म्हणाले, ‘हॅरीच्या गावाला लोडशेडिंग नसंल.’

मिस्त्री आदिलाबादचा. यात नवल नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत किनवट तालुका आदिलाबाद जिल्ह्यातच होता. जिल्हा नांदेड झाला तरी पार्ट शोधायला भाऊंचं मन अजून हैदराबादकडेच धावतं. तेलुगू, उर्दू आणि मराठी तिन्हींत सारख्याच निर्धास्तपणे बोलणारा हा मिस्त्री कुठल्याही अडचणीला एकच वाक्य देतो: ‘बैठता भाऊ, थोडा काटना पडता.’ इसुझूचं इंजिन हैदराबादच्या पुतलीबावलीतल्या भंगारातून आलं, तेव्हा माउंटिंग जुळेना. थोडं काटलं. मग गिअरचा दांडा हँडब्रेकला लागायला लागला. थोडं काटलं. डेंटिंगवाला वेगळा, त्याने दरवाजाच्या खालची पट्टी टोकरायला घेतली तर रंगाखाली लांबी, लांबीखाली जुनी लांबी, आणि त्याखाली गंज. पत्रा असा नव्हताच. तीन बोटं जाडीची लांबी हातात धरून भाऊ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘ही पण ओरिजिनलच दिसायली.’

श्रीमंत गाड्यांच्या डॅशबोर्डला अक्रोडाचं लाकूड असतं, रोल्सला असतं, जग्वारला असतं, असं वाचल्यापासून भाऊंना प्लास्टिकचा डॅशबोर्ड सोसेना. किनवटला अक्रोड कुठला? पण सागवान आहे, आणि तेही नाव असलेलं. सुताराने नीट रंधून, टाचणीएवढीही फट न ठेवता फळी बसवली. रेषा अशा उभ्या धरल्या, की मीटरच्या दोन्ही अंगांना जुळून याव्यात. ते काम खरोखर बघण्यासारखं झालं आहे. एवढं एक मात्र भाऊंच्या विरोधकांनीही कबूल करावं. लाकडाचं बिल आणि पास तपासायला आलेल्या फॉरेस्ट गार्डने विचारलं, कशाला लागलं? भाऊ म्हणाले, गाडीला. गार्डने शेडमध्ये बैल शोधले.

कायद्याशी भाऊंचं नातं नाजूक आहे. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार गाडीच्या मूळ रूपात मनमानी बदल करता येत नाही. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर परवानगी काढून आरसीवर नोंद करावी लागते. हे सगळं भाऊंना पाठ आहे. त्यांची आशा मात्र जुलै 2021 च्या व्हिंटेज नियमांवर आहे. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार नसलेली. तिची वीस हजार रुपयांत दहा वर्षांसाठी नोंदणी, आणि नंबरात ‘व्हीए’ अशी अक्षरं. 1985 ची गाडी म्हणजे 2035 साल. भाऊ दुकानातल्या कॅलेंडरच्या मागे हे साल लिहून बसले आहेत. फेरफाराच्या अटीचं काय, असं विचारलं तर म्हणतात, ‘जुनं इंजिन फेकलं थोडंच? पोत्यात गुंडाळून ठेवलंय. त्या दिवशी परत बसवू.’ म्हणजे अपग्रेड करून झाल्यावर परत डाउनग्रेड करायचं, हाही बेत ठरलेला. त्या नियमात आणखी एक बारकावा आहे: अशी गाडी रोज फिरवायची नाही, प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. भाऊंच्या गाडीला ही अट जाचक होण्याची मुळीच भीती नाही.

हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाची पिवळी रोल्स-रॉइस आहे, 1912 ची सिल्व्हर घोस्ट, मागे सिंहासनासारखी बैठक असलेली. पार्ट आणायला गेले की भाऊ तिचं दर्शन घेऊन येतात. ती दरबारी मिरवणुकीची गाडी. आयुष्यात फारच थोडी धावली, हे कळल्यापासून भाऊंना मोठा धीर आला आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक तर अजून शाही दसऱ्याला बाहेर निघते. ‘बघा, वर्षातून एकदा!’ भाऊ वहिनींना सांगतात. वहिनी म्हणतात, ‘एकदा तरी निघते.’

वहिनींनी गाडीशी आपल्या परीने जुळवून घेतलं आहे. डिकीत तुरीची दोन पोती आरामात मावतात आणि उंदीर शिरत नाही. उन्हाळ्यात त्या लांब बॉनेटवर कुरडया फार लवकर वाळतात, कारण पत्रा तापतो तो किनवटच्या उन्हाने. आजपर्यंत या गाडीवर झालेल्या खर्चाचा उपयोग कुणाला झाला असेल तर तो त्यांनाच.

इंजिन पहिल्यांदा सुरू करायचा दिवस मात्र भाऊंचा होता. इंजिन लोखंडी घोडीवर बांधलेलं. पेट्रोल सलाइनच्या बाटलीत, बाटली शेडच्या आढ्याला टांगलेली, तिची नळी थेट कार्बोरेटरला. नळीचं लाकडी चिमट्याने नियंत्रण. नवी रबरी नळी आणायची भाऊंची घाई होती, कारण हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, फुगतं नाहीतर चिरतं. बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची. मिस्त्रीने प्लग काढून टोकं उजेडात धरली: काळं निघालं तर पेट्रोल जास्त, पांढरं निघालं तर हवा जास्त, विटकरी रंग आला तर बरोबर. पहिल्या प्लगला काळं, तिसऱ्याला पांढरं. एक स्क्रू अर्धा फेरा आवळला, परत पाव सैल केला. भाऊंनी नारळ फोडला. दोन वायरी एकमेकींना टेकवल्या. इंजिनाने दोनदा शिंकून तिसऱ्यांदा जो सूर धरला, तो सायलेन्सर न लावल्यामुळे पार बसस्टँडपर्यंत गेला. शेळ्या दावी तोडून पळाल्या. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते धुराने, असं मिस्त्री म्हणतो. पाच मिनिटांत भिंतीला टेकवून ठेवलेला रेडिएटर उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या कुंडासारखा उसळायला लागला आणि चिमटा दाबून इंजिन बंद करावं लागलं.

‘हेड उतरवावं लागतं,’ मिस्त्री म्हणाला. भाऊंचा चेहरा उजळला.

तो क्षण नीट बघितला की हा माणूस समजतो. दसऱ्याला माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला या गाडीतून जायचं, हा बेत दरवर्षी ठरतो, दरवर्षी वहिनी बोलेरोतून जाऊन येतात, आणि भाऊंना त्याचं दुःख झालेलं कुणी पाहिलेलं नाही. गाडी ज्या दिवशी खरंच पूर्ण होईल, त्या दिवशी यांनी सकाळी उठून करायचं काय?

त्याची तजवीजही आता लागते आहे. भाच्याने सॅन स्टॉर्मचा फोटो पाठवला. गोव्यात वेर्ण्याला सॅन मोटर्सने 1998 मध्ये काढलेली ही छोटी दोन सीटची गाडी, खरोखरची स्पोर्ट्स कार, फायबरच्या बॉडीची, आत रेनोचं 1.2 लिटरचं इंजिन. फार थोड्या निघाल्या. भाऊंनी फोटो मोठा करून करून बघितला.

‘फायबर हाय. गंजाचा सवालच नाही,’ ते वहिनींना म्हणाले.

‘पण सीटा दोनच,’ वहिनी म्हणाल्या. ‘अन् डिकी?’

भाऊंनी उत्तर दिलं नाही, कारण तोवर मिस्त्रीला फोन लागला होता. गोव्याहून रिकामा परतणारा ट्रक मिळेल का, भाडं काय पडेल, उतरवायला क्रेन लागेल का, हे बोलणं झालं. गाडी विकायची आहे का, हे मालकाला अजून कुणी विचारलेलं नव्हतं. पलीकडून मिस्त्रीने इंजिन कोणतं ते विचारलं. रेनोचं म्हटल्यावर दोन क्षण शांतता, आणि मग म्हणाला, ‘डस्टर का बैठता भाऊ. थोडा काटना पडता.’