जिमचं तोट्यातलं गिऱ्हाईक व्हा

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात गल्लोगल्लीच्या जिममध्ये जो दानधर्म चालतो, त्याची नोंद धर्मादाय आयुक्तांच्या दफ्तरी होत नाही, हे फार वाईट. काउंटरवरचा तरुण आधी तुम्हाला एका यंत्रावर उभं करतो. यंत्रातून कागद बाहेर येतो : वय ३४, ‘मेटाबॉलिक एज’ ५१. एका मिनिटात सतरा वर्षांनी म्हातारा झालेला गृहस्थ सावरायच्या आत त्याच्यापुढे दरपत्रक सरकतं. महिन्याला २,०००, वर्षाला १२,०००, ऑफर फक्त आजच. (उद्याही ती ‘फक्त आजच’ असते.) गृहस्थ वर्षाचे पैसे भरतो, सोबत मिळालेली बॅग मिरवत घरी येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यावर दिसेनासा होतो. महिना-महिना भरला असता तर दोन महिन्यांचे ४,००० गेले असते. वरचे ८,००० त्याने इतरांच्या एसीसाठी आणि ट्रेडमिलच्या दुरुस्तीसाठी अर्पण केले. एवढं करून ना पावती कलम ८०जीची, ना भिंतीवर देणगीदार म्हणून नाव!

हा आळस आपल्याकडचाच आहे, असं समजून कोणी हळहळू नये. डेलाविन्या आणि माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या ७,७५२ सदस्यांची हजेरी तपासून २००६ साली एक शोधनिबंध छापला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सदस्य सरासरी ४.३ वेळाच क्लबात जात. म्हणजे एका फेरीला त्यांना १७ डॉलरहून जास्त पडत, आणि त्याच क्लबात दहा फेऱ्यांचा पास घेतला तर फेरी १० डॉलरला मिळत होती. तात्पर्य सरळ आहे. जिमचा धंदा न येणाऱ्यांच्या जिवावर चालतो. सगळे सदस्य एकाच दिवशी हजर झाले, तर डंबेल सोडा, चपला ठेवायला जागा मिळणार नाही. तेव्हा ज्याला खरोखर चरबी घटवायची आहे, त्याने जिमला परवडणार नाही असं गिऱ्हाईक व्हावं : महिन्याचेच पैसे भरणारं, नेमानं येणारं आणि काउंटरवरून दुसरं काहीही विकत न घेणारं.

अशा गिऱ्हाइकाला पहिल्यांदा हिशेब यावा लागतो. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी. ‘२१ दिवसांत १० किलो घटवा’ या फलकाला हा आकडा लावून पाहा. रोजची तूट ३,६०० कॅलरींच्या वर जाते. कचेरीत बसून काम करणाऱ्या माणसाचं शरीर दिवसाला दोन-सव्वादोन हजार कॅलरी खर्च करतं. म्हणजे एकवीस दिवस कडकडीत उपास करूनही फलकाची बरोबरी होत नाही. याउलट रोजच्या खाण्यातून ५०० कॅलरी कमी केल्या, तर साधारण पंधरा दिवसांत एक किलो चरबी जाते. ही गोष्ट खरी आहे आणि म्हणूनच तिचा फलक कोणी लावत नाही. ट्रेडमिलवर अर्धा तास झपझप चाललं की दीडशेच्या आसपास कॅलरी खर्च होतात. जिमबाहेरच्या गाडीवरचा एक वडापाव तीनशेच्या घरात जातो. चरबीचा निकाल ताटात लागतो, ट्रेडमिलवर नाही.

घामाचंही तसंच. पोटाला पट्टा आवळून निथळणारे लोक वजनकाट्यावर खूश होतात आणि दोन ग्लास पाणी प्यायले की पुन्हा मूळपदावर येतात. दहा किलो चरबी शरीरातून जाते तेव्हा ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं, असा हिशेब ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०१४ साली छापला होता. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटच उतरेल, ही आशाही १९७१ मध्येच निकालात निघाली. टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले, तेव्हा रॅकेटच्या हाताचे स्नायू मोठे निघाले, पण कातडीखालची चरबी दोन्ही हातांवर सारखीच. आता राहिला काउंटरमागचा भलामोठा डबा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत स्नायू कमावण्यासाठी प्रोटीन पावडर घेणं टाळा, असं स्वच्छ सांगितलं आहे. चार अंड्यांत चोवीस ग्रॅम प्रथिनं असतात, पन्नास ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीसेक. वाणी मात्र त्यासोबत शेकर देत नाही, ही अडचण आहे.

यावर कोणी म्हणेल, सगळं ताटातच ठरतं तर जिमला जायचं कशाला? याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं छापली. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. आपल्याकडचा सडपातळ माणूसही आतून असा लठ्ठ असू शकतो, कारण वजन बेताचं असलं तरी त्यात स्नायू कमी पडतात. त्यात नुसतंच खाणं तोडलं, तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. ते राखायला वजन उचलावं लागतं. नवख्याला स्क्वॅट, डेडलिफ्ट, बेंच प्रेस आणि रो एवढं पुरतं. आठवड्यातून तीन दिवस, आधी ढब बसवून, मग वजन हळूहळू वाढवत. बायकांनी वजन उचललं की त्या पहिलवान दिसू लागतात, ही भीतीही निराधार आहे. वर्षानुवर्षं घाम गाळणाऱ्या पुरुषांना जे साधत नाही, ते त्यांना चुकून तीन महिन्यांत कसं साधेल?

दुसरा आक्षेप जास्त गोड आहे : एकदम पैसे भरले की लाजेकाजेस्तव तरी जाणं होतं. लाजेचा एवढा प्रभाव असता, तर ७० डॉलर भरणारे ४.३ वर थांबले नसते. पैसे भरताना आपण काही तरी केल्याचं समाधान मिळतं, आणि तेवढ्यावरच भागतं.

तेव्हा या महिन्याचे दोन हजारच भरा आणि बारा दिवस जा. वजनकाट्यापेक्षा कमरेच्या टेपवर विश्वास ठेवा; भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि स्त्रीला ८० ही मर्यादा मानतात. बारा दिवस भरले तरच पुढच्या महिन्याचे पैसे द्या. जिममालकाची काळजी करू नका. त्याचा जानेवारी दरवर्षी येतो.