सगळी अंडी, एकच एनएफएस

चालू व्हर्च्युअल मशीन एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर झटपट हलवायचं, तर त्याची डिस्क दोघांनाही दिसायला हवी. म्हणून शेअर्ड स्टोरेज. युक्तिवाद बिनतोड आहे : एक सर्व्हर पडला म्हणून सगळं अडू नये, यासाठी सगळ्यांच्या डिस्का एकाच डब्यात ठेवायच्या. आता डबा पडला की सगळे समान न्यायाने पडतात. बॅकअप? तोही तिथेच, फोल्डर तेवढं वेगळं.

डब्याशी बोलायला बहुधा एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम), सन मायक्रोसिस्टिम्सचं १९८४ सालचं अपत्य. 'हार्ड' माउंट केलं आणि नेटवर्क तुटलं, की लॉगमध्ये ओळ उमटते : 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. क्लायंट खरंच ट्राय करत राहतो, अगदी अनंतकाळ. 'सॉफ्ट' करावं, तर थोडा वेळ वाट पाहून लिहिणं अर्धवट सोडतो आणि मोकळा होतो.

परवानग्यांचा तर वेगळाच तमाशा. इकडे तुम्ही रूट असाल, पण रूट-स्क्वॉशच्या कृपेने पलीकडे तुमची नोंद 'नोबडी'. अपमान असह्य होऊन ॲडमिन 'नो-रूट-स्क्वॉश' लिहितो, वर ७७७ चा अभिषेक करतो आणि तिकिटावर शेरा मारतो : 'तात्पुरतं'.

एनएफएसला कंटाळलेले नेटवर्कवरून थेट डिस्क देणाऱ्या आयस्कझीकडे वळतात. एकच लन, म्हणजे तीच डिस्क, दोन सर्व्हरना देतात, त्यावर साधी ईएक्सटी-४ घालतात. क्लस्टर फाइलसिस्टिमबद्दल कोण वाचत बसणार? मग दोघंही स्वतःला एकमेव मालक समजून एकाच ब्लॉकवर लिहितात. भाऊबंदकीत निदान तलाठी तरी असतो.