अक्षरं गिरवून घेण्याचा सोपा मार्ग (फक्त मोठ्यांसाठी)

आधी एक गोष्ट पक्की करा: इथे नवशिके तुम्ही आहात. मुलाला कसलीच घाई नाही.

साहित्यात पाटी आणि ओलं फडकं. पेन्सिली लागतात त्याच्या दुप्पट आणा, निम्म्या पोटात जातात. फडकं विसरलात तरी चालेल. थुंकी आणि सदऱ्याची बाही मूल सोबत घेऊनच येतं.

सुरुवात 'अ'पासून करू नका. जुन्या गुरुजींनी ग म भ न हा क्रम लावला तो हाताच्या सोयीसाठी. चौघांनाही उजवीकडे दांडा, बदलतं ते डावीकडचं वळण. शिरोरेषा शेवटी. आधी ओढलीत तर मूल दोरीवर धुणं वाळत घालावं तशी अक्षरं तिला लटकवतं.

आता ते गावाचं नाव लिहायला मागेल. न्हावा शेवा! पहिलंच जोडाक्षर. कालच हौसेने शिकवलेला 'न'चा दांडा आज मोडायचा आणि उरलेला तुकडा 'ह'ला टेकवायचा. "दांडा कुठं गेला?" याचं उत्तर तयार ठेवा. शेव्याचा 'श' देठाचा काढा. १० नोव्हेंबर २०२२च्या शासन निर्णयात देठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल'च आहे. मोबाइलवर बहुधा दुसराच 'श' दिसतो. मुलाला दाखवू नका.

खरी अडचण रस्त्यावर आहे. १९८९ पासून बंदर चालू आहे आणि इथलं मूल 'अ'च्या आधी कंटेनर वाचतं. प्रत्येकावर चार इंग्रजी अक्षरं, चौथं बहुतेक 'यू'. मग सहा आकडे आणि सातवा ताळ्याचा: आधीच्या दहांपैकी एखादं चुकलं की तो चुगली करतो. (वहीत अशी सोय नाही, तिथे तुम्हीच बसा.)

रागावू नका, तोच 'यू' पाटीवर घ्या. उजवी बाजू खाली ओढली, वर रेघ मारली की 'प'. पोटात तिरकी रेघ दिली की 'ष', उजवीकडे शेपूट लावलं की 'फ'. दांडा जरा दूर, वेगळा काढला की 'ण'. घरात सगळे 'पानी' म्हणत असले तरी पाटीवर हाच. ट्रेलर पुढे सरकेपर्यंत चार अक्षरं सहज होतात. कोंडी नेहमीची असेल तर बाराखडीही.