शेवटी बोलेल तो पहिला

सेवा केंद्रवाले भाऊ डाव्या अंगठ्यावर पोट भरतात. तो अंगठा दिवसभर ऑल्टवर असतो आणि त्याच हाताचं मधलं बोट टॅबवर. उजवा हात किरकोळ कामांना मोकळा: माउस हलवणे, चहाचा कप धरणे, आजोबांचं बोट धरून यंत्रावर दाबणे.

नाव विचारू नका, कारण प्रत्येक केंद्रात असा एक भाऊ असतोच. मी ज्यांच्याविषयी लिहितोय ते कर्जत तालुक्यातल्या मिरजगावचे. नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव. निमगाव गांगर्डा, कोंभळी, माही जळगावकडची माणसं कागदासाठी इथे येतात, कारण इथे काम झालं तर कर्जतची चक्कर वाचते. भाऊ पंचविशीचे असतील, पण सत्तरीचे बाबाही त्यांना भाऊच म्हणतात. सगळ्यांचे पासवर्ड त्यांच्याकडे आहेत, तेव्हा वयाला कोण विचारतो?

सकाळी लॅपटॉप उघडला की दहा-पंधरा मिनिटांत पडद्यावर खिडक्यांची गर्दी होते. एकीत कुणाचा सातबारा, दुसरीत महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, तिसरीत पीएम किसानची केवायसी, मग कॉलेजला निघालेल्या मुलीचा उत्पन्नाचा दाखला, मग एका लग्नाची पत्रिका, जिच्यावर गणपती अजून बसायचाय. आणि सगळ्यांच्या मागे, आवाज बंद करून, क्रिकेट. एकाच खिडकीत टॅब मांडून बसणारी माणसं भाऊंना कच्ची वाटतात. टॅब बदलायला कंट्रोल दाबावं लागतं, ते करंगळीचं काम, आणि करंगळी त्यांच्या हिशेबात नाही.

खरं म्हणजे भाऊंच्या जन्माआधी हा सगळा उद्योग फार सोज्वळ होता. १९८५ साली विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढू शकत नव्हत्या. शेजारशेजारच्या वावरांसारख्या बांधाला बांध लावून पडून असायच्या. दुसऱ्या आवृत्तीत त्यांना एकमेकींवर पडायची मुभा मिळाली आणि वर कोण, खाली कोण हा तंटा सुरू झाला. १९९५ मध्ये खाली पट्टी आली, जिच्यावर सगळ्या उघड्या खिडक्यांची नावं दिसतात. माउसने तिथे जाऊन हवी ती निवडावी, असा सभ्य मार्ग आहे. भाऊ त्या वाटेला जात नाहीत, ते ऑल्ट धरून टॅब दाबतात आणि एका खिडकीतून दुसरीत जातात. गिऱ्हाइकासमोर माउस शोधणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

आता या ऑल्ट-टॅबची एक खोड आहे आणि मिरजगावच्या बाकावरचं सगळं राजकारण तिच्यावर चालतं. यंत्र खिडक्या उघडल्या त्या क्रमाने ठेवत नाही. जी शेवटी वापरली ती सर्वांत पुढे, तिच्या आधीची दुसरी, आणि जिच्याकडे बराच वेळ कुणी पाहिलं नाही ती शेपटाला. म्हणून एकदा दाबून सोडलं की फक्त शेवटच्या दोघींतच ये-जा होते. तिसरी हवी तर ऑल्ट दाबून धरायचा आणि टॅब मोजत जायचं.

भाऊंचं डोकंही याच रीतीने चालायला लागलंय. जो शेवटी बोलला, तो पहिला. सकाळी नऊला येऊन बाकावर टोपी मांडीवर घेऊन गप्प बसलेले बाबा दुपारपर्यंत शेपटाला गेलेले असतात, आणि आत्ता गाडीवरून उतरून "भाऊ, आपलं कुठवर आलं?" असं दारातूनच ओरडणाऱ्याची खिडकी वर येते. त्याचं अजून काही उघडलेलंच नसलं तरी उत्तर ठरलेलं: "तुमचंच चाललंय की!" जाणकार मंडळींना हे कळून चुकलंय. ती दर थोड्या वेळाने खोकतात. एक मावशी तर काम नसलेले प्रश्न विचारत राहतात, "पंख्याला काय झालं, भाऊ?" वगैरे. मावशींचा दाखला कधी अडकलेला मी पाहिला नाही.

शिफ्ट दाबून उलटं जाता येतं, म्हणजे एका झटक्यात शेपटाच्या बाबांपाशी पोचता येतं. हे भाऊंना माहीत आहे. पण त्याला तिसरं बोट लागतं.

कधी कधी गडबड होते. एका बाबांच्या निराधार योजनेच्या अर्जावर बारावीच्या पोराचा फोटो चढला. बाबांनी तो बराच वेळ निरखला आणि म्हणाले, "असू द्या भाऊ, चांगला आलाय." भाऊंनी न बोलता बदलला. पुढच्याच खिडकीत त्या पोराच्या अर्जावर बाबांचा फोटो होता, तो मात्र पोराने चालवून घेतला नाही.

या माणसाला चंचल म्हणायची सोय आहे, पण ते खरं नाही. सरकारी साइटवर बटण दाबलं की ते गोल चक्र फिरायला लागतं. मुदतीचा शेवटचा दिवस असला तर फिरतच राहतं. त्या चक्राकडे बघत बसणारा माणूस दिवसात चार कागद काढेल. भाऊ एकाचं चक्र फिरेपर्यंत दुसऱ्याचा सातबारा छापतात. डिजिटल सहीचा उतारा निघतो, त्याचे १५ रुपये सरकारचे, वरचे त्या डाव्या अंगठ्याचे. शिवाय लाइट गेली तरी बॅटरीवर हा कारभार चालू राहतो, नेट मोबाईलचं. मात्र एखाद्या खिडकीकडे फार वेळ गेलं नाही की साइट रुसते आणि परत पहिल्यापासून लॉगिन मागते. बहुतेक वेळा ती बाबांचीच असते.

पण भाऊंच्या अंगठ्यालाही एक जण थांबवू शकतो, तो म्हणजे ओटीपी. आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा चाकणला कंपनीत. फोन लावला तर तो शिफ्टवर. उचललाच, तर आकडे सांगेपर्यंत मुदत संपलेली. मग नवा ओटीपी, आणि पोरगं नेमका जुनाच वाचून दाखवतं. अशा वेळी भाऊ हळूच एकदा टॅब दाबतात आणि धावसंख्या बघून येतात. तलाठी किंवा घरचे वडील दारात दिसले की तोच झटका उलट कामाला येतो. पापणी लवायच्या आत मैदान जाऊन तिथे कुणाचा तरी आठ-अ. वडील कौतुकाने म्हणतात, पोरगं मान वर करत नाही.

घरी मात्र हे खपत नाही. बायको दळण, गॅस आणि सासऱ्यांची गोळी एका दमात सांगते. भाऊ शेवटचं तेवढं धरतात. त्यामुळे ती हल्ली महत्त्वाचं काम शेवटी सांगते. तिला हे कुणी शिकवलेलं नाही.

माझं मत विचाराल तर मिरजगावचा अर्धा कारभार या माणसामुळे चालतो आणि त्यात गप्प माणसाचं काम मागे पडतं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तेव्हा तिथे कागदासाठी निघालात तर आधारला जोडलेला मोबाईल बरोबर घ्या. तो मुलाकडे असेल तर त्याला त्या दिवशी सुट्टी टाकायला सांगा. आणि बाकावर बसल्यावर कृपा करून गप्प राहू नका. काही सुचलं नाही तर पंख्याची चौकशी करा, तो अजून बिघडलेलाच आहे.