हिरव्या ठिपक्याची मीमांसा

आवृत्ती म्हणजे काय, हे नवा रायपूरइतकं कोणत्याच गावाला कळलेलं नसेल. आधी ते 'नया रायपुर' होतं. २०१८ साली वाजपेयी गेल्यावर 'अटल नगर' झालं. पुढे दोन्ही नावं जोडली गेली आणि तेवढ्यात 'नया'चा 'नवा'ही झाला. 'नवा' हा शब्द अस्सल छत्तीसगढी. आम्हा रायपूरच्या मराठी मंडळींना मात्र तो खास आपल्यासाठी केलेला बदल वाटतो, आणि कोणी विचारलंच तर आम्ही गंभीरपणे एकेकाळी छत्तीसगढावर राज्य केलेल्या बिंबाजी भोसल्यांचं नाव घेतो. नावं तीन झाली, गाव तेच, भोवतालची धानाची शेतंही तीच. पाट्या तेवढ्या बदलल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला पॅच म्हणतात.

या गावातल्या एका कार्यालयात (नावाची गरज नाही, सगळी कार्यालयं एकाच आवृत्तीची असतात) एका एंटरप्राइझ ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा चाचणी झाली. निवृत्तीनंतर बसून काय करायचं, म्हणून मी चाचणीच्या पथकात होतो. तिथे जे पाहिलं ते शास्त्राच्या चौकटीत मांडणं हा या लेखाचा हेतू.

आधी व्याख्या. घरगुती सिस्टिम नवी आहे म्हणून खपते. एंटरप्राइझ सिस्टिम लवकर बदलणार नाही म्हणून खपते. रेड हॅट आपल्या एंटरप्राइझ लिनक्सच्या एकेका आवृत्तीला १० वर्षं सांभाळते. दहावी आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये बीटा म्हणून आली आणि मे २०२५ मध्ये पक्की झाली. सहा महिने तपासायचं आणि दहा वर्षं हात लावायचा नाही, हे गणित स्थळ पाहण्याच्या पद्धतीशी जुळतं, पण तो वेगळ्या प्रबंधाचा विषय आहे.

बीटाचं मूळ सांगताना आयबीएमच्या १९५०च्या दशकातल्या 'ए' आणि 'बी' चाचण्यांकडे बोट दाखवतात. आमचं मत निराळं आहे. छत्तीसगढात नवाखाईला नवं धान आधी देवाला दाखवतात, मग घरची माणसं खातात. आपल्याकडे नव्याच्या पुनवेला हेच चालतं. देव अल्फा टेस्टर, घरचे बीटा टेस्टर, उरलेलं धान बाजारात. देवाने आजवर तक्रारीचं एकही तिकीट टाकलेलं नाही, आणि अल्फा चाचणीचे अहवाल जगभर असेच स्वच्छ असतात.

आता मुख्य प्रमेय.

कार्तिकातली संध्याकाळ. आवक-जावक सांभाळणाऱ्या दीदींनी तक्रार केली की स्क्रीनवर एक हिरवा ठिपका फिरतोय आणि माऊस हलवला तरी तो ऐकत नाही. मी तिकीट टाकलं. डेव्हलपर पुण्यात बसणारा, गोड मुलगा. त्याचा फोन आला, "काका, स्क्रीनशॉट टाका ना." टाकला. त्यात ठिपका नव्हता. दुसरा टाकला. नव्हता. दीदींच्या डोळ्यांसमोर ठिपका 'प्रेषक' या रकान्यातून 'विषय' या रकान्यात जात होता आणि स्क्रीनशॉटमध्ये दोन्ही रकाने कोरे. तिकिटावर शेरा आला: रिप्रोड्यूस होत नाही, बंद.

इथे मीमांसकांना बोलावणं भाग आहे. ज्ञानाची साधनं किती? नैयायिक चार मानतात. कुमारिल भट्टांचे अनुयायी सहा मानतात, आणि त्यातलं सहावं म्हणजे अनुपलब्धी: जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पुण्याचा मुलगा नकळत भाट्ट निघाला. स्क्रीनशॉटमध्ये ठिपका दिसत नाही, सबब ठिपका नाही. पण भाट्टांनीच पुढे अट घालून ठेवली आहे की ही अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. वस्तू असती तर त्या ठिकाणी दिसली असती, एवढी खात्री आधी हवी. अंधारात घडा दिसला नाही म्हणून घडा नाही, असं म्हणता येत नाही. स्क्रीनशॉट सिस्टिमने काय रंगवलं ते सांगतो. काचेवर काय बसलंय ते त्याला कधीच कळत नाही. हे मी तिकिटावर लिहिलं. 'कुमारिल भट्ट हे कोणत्या टीममध्ये आहेत?' असा प्रतिप्रश्न आला.

मग मोबाइलने फोटो काढला. त्यात ठिपका लख्ख. तेव्हा दोष सिस्टिमचा नसून मॉनिटरचा ठरला. मॉनिटरवाल्याने मेलेला पिक्सेल असं निदान केलं. मेलेला पिक्सेल चालतो कसा, यावर त्याचं म्हणणं, नव्या मॉडेलमध्ये होतं असं. मॉनिटर बदलला. दोन मिनिटांत ठिपका नव्या मॉनिटरवर हजर, सोबत आणखी दोन. तिसऱ्या दिवशी चहा घेऊन आलेल्या वयस्क शिपाईकाकांनी ट्रे खाली ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "ए तो माहो आय, सर."

माहो म्हणजे धानावरचे तुडतुडे. दिवाळीच्या सुमारास ते दिव्यावर झेपावतात, आणि चोहीकडे धान असलेल्या या गावात रस्ते रुंद, वस्ती विरळ, उजेडाची खिडकी एखादीच. त्यांनी दुसरीकडे जायचं तरी कुठे?

जाणकारांना इथे ९ सप्टेंबर १९४७ आठवेल. हार्वर्डच्या मार्क टू यंत्रात पतंग सापडला आणि तो नोंदवहीत टेपने चिकटवला गेला. ग्रेस हॉपर हा किस्सा रंगवून सांगत. 'बग' हा शब्द मात्र त्याआधीचा, एडिसनने १८७८च्या पत्रातही वापरलेला. त्या परंपरेला स्मरून मी माहो पुरावा म्हणून जोडायला निघालो. फॉर्म फक्त पीडीएफ घेत होता.

तिकीट पुन्हा उघडलं ते साहेबांच्या स्क्रीनवर माहो बसल्यावर. तीव्रतेच्या रकान्याचा नियम तेव्हा मला कळला: दोषाची तीव्रता दोषावर ठरत नाही, तो कोणत्या मजल्यावर दिसला यावर ठरते. तळमजल्यावर 'किरकोळ', चौथ्यावर 'अतितीव्र'. माझं स्वतःचं एक तिकीट होतं. नव्या फॉन्टमध्ये 'दऱ्या' आणि 'दर्या' सारखेच दिसत. डोंगराच्या दऱ्यांचा समुद्र होत होता. युनिकोडने या ऱ ला ०९३१ हा स्वतंत्र क्रमांक दिला आहे, हेही मी लिहिलं. त्यावर शेरा आला की बाधित वापरकर्ते: एक. ते खरंच होतं. तो एक मीच. तिकीट अजून उघडं आहे.

साहेबांच्या मजल्यावरून हुकूम सुटल्यावर शिपाईकाकांनी सहा वाजता खिडकी लावून घेतली आणि व्हरांड्यातला दिवा लावला. माहो तिकडे गेले. खर्च शून्य. याची नोंद रीतसर 'तात्पुरता उपाय' म्हणून झाली आणि पक्क्या आवृत्तीच्या सूचनापत्रात 'ज्ञात त्रुटी' या मथळ्याखाली छापली गेली: सायंकाळी ६ नंतर खिडकी बंद ठेवावी व बाहेरील दिवा चालू ठेवावा. पत्रक सर्व शाखांना गेलं.

मे महिन्यात, पारा ४५च्या आसपास असताना, एका शाखेचा अनुपालन अहवाल आला. सूचनेनुसार बाहेरचा दिवा रोज लावला जात आहे. खिडकी मात्र इमारतीत नसल्याने, ती बसवण्यासाठी निधी मंजूर व्हावा.