नांगर सुटतो, हात सुटत नाही

वरळीत माती म्हणजे भराव. तरी इथल्या बीडीडी चाळीत जून आला की एकच चर्चा: लावणीला रजा मिळणार का? गिरण्या गेल्या, ऑगस्ट 2025 मध्ये 556 कुटुंबांना टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, पण लावणी डोक्यातून जात नाही. आमचे एक काका तेविसाव्या मजल्यावरून महाडकडची पंधरा गुंठे भातशेती फोनवर करतात.

चाळीत असतानाच त्यांना नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या एसआरटी या भातशेतीच्या पद्धतीचं वेड लागलं. गादीवाफे एकदाच करायचे, साच्याने भोकं पाडून भात टोकायचा. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. कापणीनंतर मुळं जमिनीतच. मातीच्या प्रेमापोटी? छे! लावणीला माणूस मिळेना. (मिळणार कुठून? सगळी परळ-वरळीला आलेली.)

पहिल्या वर्षी भात झकास. काका गांडुळांचे फोटो नातवंडांचे दाखवावेत तसे चाळभर दाखवत फिरले. दुसऱ्या वर्षी तण माजलं. चिखलात साचलेलं पाणी तण दाबतं, म्हणजे फुकटचं तणनाशकच ते. ते बंद केलं की दुकानातलं आणा, तेही नेमक्या दिवशी फवारा. त्या दिवशी पाऊस, आणि गावी शेत बघणारा त्यांचा भाऊ पनवेलला. उन्हाळ्यात मोकाट गुरांनी वाफे तुडवले. वर पारावरची कुजबुज: 'न नांगरता शेती? मुंबईवाल्याला आळस भरलाय!' ती तणाहून जोमात वाढली.

तज्ज्ञ म्हणतात, शेतकऱ्याला पटवून द्या. अहो, काकांना पटलंच होतं! तण काढायला कोण येणार, ते सांगा. मातीचं म्हणाल, तर अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेतं उडाली, मग 1943 साली एडवर्ड फॉकनर यांनी नांगरणीला मूर्खपणा ठरवणारं पुस्तक लिहिलं. आपली माती उडत नाही, पावसात गढूळ होऊन मुकाट खाडीला जाते. कुणाच्या डोळ्यात जात नाही, म्हणून कुणाला खुपत नाही.

यंदा भावाने तासाच्या भाड्याने पॉवर टिलर आणून वाफे मोडले. काका फोनवर कडाडले, "अरे, माती उलथायची नसते, किती वेळा सांगू!"

उजव्या हातातल्या चमच्याने तेव्हा ते गॅलरीतल्या तुळशीची माती उकरत होते.